सिनेमात नसलेली उडी

सगळे त्याला उशी म्हणत. हे नाव कुणी ठेवलं ते कुणालाच आठवत नव्हतं, पण त्याला ते चपखल बसायचं. अंगाने जाडजूड, खांदे गोल, चेहऱ्यावर कायम नुकतीच झोप मोडल्याचा भाव, आणि पोटापाण्याचा धंदा मार खाण्याचा. मारामारीच्या सिनेमात नायकाच्या एका फटक्यात टेबलावरून पलीकडे जाऊन आदळणारा जो इसम असतो, ज्याचं तोंड नीट दिसायच्या आत दुसरा पुढे येतो, तो इसम म्हणजे उशी. निम्मं आयुष्य त्याने असं पडण्यात घालवलं होतं. त्याची बायको चारचौघांत म्हणायची, "आमचे हे जन्मात कधी जिंकले नाहीत." यावर सगळ्यांबरोबर तोही हसायचा. हसताना त्याचा डावा खांदा जरा वर जायचा, कारण निखळल्यावर तो कुणी धड बसवलाच नव्हता.

धाकट्या भावालाही त्यानेच या धंद्यात आणलं. आई गेली तेव्हा धाकट्याचं शाळेत लक्ष नव्हतं आणि दुसरीकडे कुठे डोकं चालण्याची लक्षणंही नव्हती. निदान डोळ्यांसमोर राहील म्हणून उशी त्याला कामावर बरोबर नेऊ लागला. धाकटा शिडशिडीत, हलका, उंचावरून पडायला कधी मागेपुढे न बघणारा. उशी पडला की लोकांना बरं वाटायचं, आणि धाकटा पडला की लोकांच्या काळजात धस्स व्हायचं. हा फरक उशीने फार लवकर ओळखला. आपल्याला त्याचं कौतुकच आहे, हेवा बिलकूल नाही, असं तो सांगायचा, आणि ते खरंच असावं. धाकट्याच्या उडीनंतर सगळ्यात आधी टाळी वाजायची ती त्याचीच.

या पडणाऱ्या मंडळींची एक रीत होती. दिग्दर्शकाने कितीही आरडाओरडा केला, कॅमेरा फिरू लागला, तरी मारणारा मारत नसे. ज्याला मार खायचा तो आधी उभा राहायचा, आणि तयार झाला की एकदा पापण्या मिटून उघडायचा. मग मारणाऱ्याने एक श्वास जाऊ द्यायचा. तेवढ्या अवधीत मार खाणारा अंग सैल सोडायचा, टाच वळवायचा, कुठे पडायचं ते मनाशी पक्कं करायचा. त्यानंतर फटका. पडद्यावर यातलं काहीच दिसत नाही, दिसूही नये. पापणीचं नव्या माणसाला तोंडाने सांगत. श्वासाचं मात्र कुणी कधी सांगत नसे, कारण थोडे दिवस या लोकांत वावरलं की ते आपसूक अंगात भिनायचं. आपल्याला हे कुणी शिकवलं असं विचारलं असतं तर उशीलाही सांगता आलं नसतं.

ज्या सिनेमाबद्दल आज विद्वान मंडळी लांबलचक लेख लिहितात, तो तेव्हा एका पडीक गोदामात तयार होत होता, आणि तो पुरा होईल यावर दिग्दर्शक सोडून कुणाचाही भरवसा नव्हता. दिग्दर्शक काटकुळा, खोकणारा, हट्टी माणूस. त्याच्याकडे फिल्म होती तीसुद्धा दुसऱ्यांच्या सिनेमांतून उरलेले तुकडे. त्यामुळे प्रत्येक शॉट तुकडा संपायच्या आत उरकायचा, आणि पुन्हा घ्यायचं नाव काढायचं नाही. छप्पर गळायचं. कॅमेरा ऐन वेळी अडून बसायचा, आणि मग त्याला फुंकर घालत, चुचकारत सगळे त्याच्याभोवती उभे. पहिला नायक गोदामातल्या घुशी बघून जो गेला तो परत फिरकला नाही. मारामारी बसवणारा मास्तरही मोठ्या सिनेमाचं बोलावणं येताच रामराम ठोकून चालता झाला.

"आता तूच मास्तर," दिग्दर्शक उशीला म्हणाला.

उशीला आयुष्यात प्रथमच कुणी मास्तर म्हटलं होतं. घरी गेल्यावर त्याने ते बायकोला सांगितलं, सहज सांगतोय असं दाखवून.

"म्हणजे आता तुम्ही मारायचं?" तिने विचारलं.

"नाही गं. आधी मी शिकवायचं, आणि मग मीच खायचा."

"मग बदललं काय?" ती म्हणाली, पण त्या दिवशी तिने त्याच्या खांद्याला तेल जरा जास्त वेळ चोळलं.

नवा नायक मिळाला तो खऱ्या लढतींतला. त्याला सगळे चॅम्पियन म्हणत आणि तो खरंच होताही. अभिनयाच्या नावाने सगळा आनंद. साधं "थांब" म्हणायचं तरी त्याला घाम फुटायचा. पण पाय असा चालायचा की बघणाऱ्याने तोंडात बोट घालावं. उशीने त्याला पहिल्याच दिवशी पापणीची खूण सांगितली. चॅम्पियनने मान डोलावली. तो ज्या तालमीत वाढला होता तिथे पापणी म्हणजे वेगळीच गोष्ट होती. समोरच्याची पापणी मिटली की तेवढ्यात पाय सुटलाच पाहिजे, हे त्याच्या हाडामांसात मुरलं होतं. उशीने पापणी मिटली, आणि ती उघडायच्या आत लाथ बरगडीत बसली. डोळ्यांपुढे काजवे चमकले. तिकडे दिग्दर्शक आनंदाने वेडा व्हायचा बाकी होता.

"अशी लाथ आजवर कुणी पडद्यावर आणली नाही," तो खोकत खोकत म्हणाला. "याला असंच ठेव, उशी. काही शिकवू नकोस."

घरी जाताना बरगडी धरून उशीने विचार केला. याला थांबायला शिकवलं तर लाथेतली वीज जाईल. पुन्हा पुन्हा घ्यायला फिल्म नाही. आणि मास्तर म्हणून हे आपलं पहिलंच काम. तेव्हा चॅम्पियनला बदलण्यापेक्षा आपणच बदलावं. आधी अंग सैल सोडायचं, टाच वळवायची, सगळी तयारी उरकायची आणि पापणी अगदी शेवटी मिटायची. दुसऱ्या दिवशी त्याने तसं करून पाहिलं आणि ते बेमालूम जमलं. बाकीच्या पडणाऱ्यांनाही त्याने एकेकाला गाठून सांगितलं, "याच्यासमोर पापणी उशिरा मिटा, हा थांबत नाही." सगळ्यांनी ते मनावर घेतलं आणि पुढचं काम सुरळीत पार पडलं. धाकटा त्या दिवसांत तिथे नव्हता. तो दुसऱ्या एका सिनेमावर उड्या मारत होता.

खलनायकाचा उजवा हात असलेल्या गुंडाचा शेवट चित्रित करायची वेळ आली. गोदामाच्या आत वर लाकडी सज्जा होता. तिथे चॅम्पियनची लाथ बसून, कठडा मोडून त्या माणसाने खाली पडायचं. उशी स्वतः पडायला तयार होता, पण दिग्दर्शक म्हणाला की तुझ्या वजनाने सगळा सज्जाच खाली येईल, हलका माणूस आण. हलका माणूस म्हटल्यावर दुसरं कुणाचं नाव निघणार? धाकटा सकाळी आला तो सरळ कपडे बदलून सज्ज्यावर चढला. उशीने खाली रिकामी खोकी स्वतः रचली, वर गाद्या टाकल्या, त्यांच्यावर लोळून पाहिलं, प्रत्येक कोपरा दाबून पाहिला. वरच्या कठड्याला कुठे करवत लावली आहे तेही जाऊन बघून आला. माणूस कामाचा एवढा पक्का, की त्या दिवशी काही राहिलं असेल असं कुणी म्हटलं असतं तर भांडण झालं असतं.

"दादा, खोकी थोडी तुझ्याकडे ओढ," धाकटा वरून म्हणाला.

उशीने ओढली. कॅमेरा सुरू झाला. उशीने मान वर करून भावाच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि धाकट्याची पापणी मिटताना दिसली तेव्हा त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला की याला आपण सांगितलेलंच नाही. ओरडायला वेळ नव्हता. लाथ बसली तेव्हा धाकट्याची टाच अजून वळत होती. तो सरळ न जाता तिरका गेला, खोक्यांच्या कडेवर त्याची कंबर आदळली आणि उरलेलं अंग फरशीवर. फिल्मचा तुकडा संपेपर्यंत कॅमेरा चालू होता. ज्याने तो चालवला त्याला थांबवायचं भान राहिलं नव्हतं.

धाकटा वाचला. डॉक्टर म्हणाले ते असं, की मानेखाली आता काही हलणार नाही. उजवा हात तेवढा थोडाफार चालेल. उशीने त्याला आपल्या घरी आणलं आणि बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी खाट टाकली. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून त्याला सारखं या कुशीवरून त्या कुशीवर वळवावं लागे. उशी आणि बायको मिळून ते करत. त्यात दोघांचा इतका हातखंडा झाला की एकमेकांशी बोलावंही लागत नसे.

धाकटा स्वभावाने कुढणारा नव्हता. पाय गेले यावर तो फार बोलत नसे. त्याला खात होतं ते दुसरंच. पापणी मिटली इथपर्यंत त्याला आठवत होतं आणि त्यानंतर एकदम गोदामाचं छप्पर. मधलं सगळं पुसलं गेलं होतं.

"माझा पाय सरकला असेल का रे दादा?"

"असले विचार करू नकोस."

"आजवर कधी सरकला नाही. मग त्या दिवशी का सरकावा?"

उशी उठून पाणी आणायला जायचा. परत आला की धाकटा पुन्हा तिथेच. "शॉट बघितला की कळेल," तो म्हणायचा. "फिल्म खोटं बोलत नाही. सिनेमा लागला की मला तेवढं न्यायचं. एकदा बघितलं की डोक्यातून जाईल."

बरोबरीचे पडणारे भेटायला यायचे. पापणी उशिरा मिटायची, हे उशीने सगळ्यांना बजावलेलं त्यांच्या लक्षात होतं. सख्ख्या भावाला त्याने ते सांगितलं नसेल, असं मात्र कुणाच्या मनालाही शिवलं नाही. म्हणून ते आपसांत म्हणायचे, पोराने घाई केली. त्याच्यासमोर कुणी विषय काढत नसे, कारण चूक करून पडलेल्या माणसाला चूक दाखवायची नाही, एवढी माणुसकी त्यांच्यात होती. चॅम्पियनही यायचा. तो दारातच उभा राहायचा, पायातले बूट न काढता, आत यायचं धाडस न होऊन.

"मास्तर, मी पापणी बघूनच मारली हो," तो म्हणायचा.

"तुझं बरोबर होतं."

"मी एकदा त्याला सांगू का तसं?"

"त्याला आत्ता झोप लागलीय," उशी म्हणायचा. दरवेळी धाकट्याला झोप लागलेली असायची. शेवटी चॅम्पियनने येणं सोडलं.

सिनेमा जोडायला घेतला तेव्हा दिग्दर्शकाने उशीला बोलावलं. अंधाऱ्या लहानशा खोलीत टेबलावर फिल्म जोडायचं यंत्र होतं, आणि त्याच्या टीचभर पडद्यावर उशीने ती उडी पाहिली. पापणी, लाथ, मध्ये काहीही नाही. टाच वळता वळता अर्ध्यावर. सामान्य माणसाला फक्त एक थरकाप उडवणारी उडी दिसली असती. पण या धंद्यातल्या कुणीही एका नजरेत ओळखलं असतं की पोराचा पाय सरकलेला नाही, त्याला वेळच मिळालेला नाही. आणि धाकटा तर या धंद्यातला सगळ्यात तरबेज माणूस. तो ओळखणार, आणि मग विचारणार की चॅम्पियन थांबत नाही हे कुणालाच कसं माहीत नव्हतं. त्याचं उत्तर द्यायला सगळे पडणारे हजर होते.

"हे काढून टाका," उशी म्हणाला.

दिग्दर्शक गर्रकन वळला. "वेडा आहेस का? ही त्याची उडी आहे. हे काढलं तर त्याने केलं कशासाठी?"

"भाऊ माझा आहे. घरच्यांना ते बघवणार नाही."

"त्याला विचारलंस?"

"साहेब, शेवटची मारामारी अजून बाकी आहे. हे काढलं नाहीत तर मी येणार नाही आणि माझ्यातला एकही माणूस येणार नाही."

इतक्या वर्षांत उशीने कुणाला धमकी दिलेली कुणी ऐकली नव्हती. दिग्दर्शकाला खोकल्याची उबळ आली. ती ओसरल्यावर त्याने तो तुकडा आणि ज्यावरून तो छापला त्या मूळ निगेटिव्हचा तुकडा, दोन्ही एका डब्यात घालून त्याच्या हातात दिले. "तूच ठेव," तो म्हणाला. "माझ्याजवळ राहिलं तर मी पुन्हा लावीन."

भर दुपारी घरामागे उशीने पत्र्याच्या डब्यात ती फिल्म पेटवली. भडकली नाही, आक्रसत, वितळत, घाण वास सोडत जळत राहिली. आपण हे धाकट्यासाठी करतोय, त्याला ते बघून त्रास होईल, असं तो मनाशी घोकत होता. स्वतःला फसवायचं तर माणसाला शब्दांची टंचाई पडत नाही. वासाने बायको बाहेर आली.

"काय जाळताय?"

"सिनेमातला कचरा."

"आणि तो घरी आणून जाळावा लागतो?" ती म्हणाली. उत्तराची वाट न बघता ती आत गेली आणि तिने धाकट्याची खिडकी लावून घेतली.

दिग्दर्शकाने ती जागा कशीबशी भरून काढली. लाथ उचलली जाते, आणि पुढे नुसता रिकामा सज्जा, मोडलेला कठडा, उजेडात तरंगणारी धूळ. दुसरं काही नव्हतंच त्याच्याकडे. सिनेमा आधी फुटकळ थिएटरांत लागला. मग तोंडोतोंडी झाला, आठवड्यामागून आठवडे हलेना. विद्वानांच्या नजरेला तो पडला तेव्हा तर सगळ्यांनी त्या रिकाम्या सज्ज्यावरच बोट ठेवलं. पडणारा माणूस न दाखवण्यात केवढा संयम आहे, केवढा विचार आहे, असं छापून आलं. दिग्दर्शकाचा सत्कार झाला आणि तो भाषणात त्या जागेबद्दल चकार शब्द बोलला नाही. उशीला बोलावणी येऊ लागली. लोक त्याला मास्तर म्हणू लागले, आणि दर वेळी तो घाईने दुसरा विषय काढायचा.

धाकट्याने धोशा लावला होता. उशीने आज नको, उद्या बघू करून टाळलं, पण किती टाळणार? शेवटी पडणाऱ्या मंडळींनीच परस्पर ठरवलं, आणि एका दुपारी त्याला खुर्चीवर बांधून, खुर्ची खांद्यावर घेऊन थिएटरात नेलं. वहिनीने त्याला इस्त्रीचा शर्ट घातला होता. उशी त्याच्या शेजारी बसला. सिनेमा बघितलाच नाही त्याने. तो भावाच्या उजव्या हाताकडे बघत राहिला. सज्जा आला तसा तो हात खुर्चीच्या दांड्यावर आवळला गेला. लाथ उचलली गेली. धूळ तरंगली. पुढचा प्रसंग सुरू झाला, लोक हसले कशाला तरी, आणि तो हात तसाच आवळलेला राहिला.

घरी येऊन, सगळे गेल्यावर, धाकट्याने विचारलं, "माझी उडी कुठाय?"

"फिल्मला उजेड लागला होता," उशी म्हणाला. "खराब निघाली. टाकून दिली त्यांनी."

"सगळी?"

"सगळी."

बायको आतल्या दाराशी उभी होती, हातात धाकट्याचा काढलेला शर्ट.

"म्हणजे आता बघणारा एकटा तूच राहिलास," धाकटा म्हणाला. "तू खाली होतास, दादा. तुझी नजर माझ्यावरच होती, मला माहितीय. मला वाईट वाटेल म्हणून तू सांगत नाहीस, तेही कळतंय. पण हे डोकं मला झोपू देत नाही. एकदाच खरं सांग. पाय सरकला ना माझा?"

खरं सांगायला एवढी चांगली वेळ उशीला पुन्हा मिळणार नव्हती, आणि हे त्याला तेव्हाच कळत होतं. शब्द तयार होते. मी सगळ्यांना सांगितलं, तुला सांगायचं राहिलं, एवढेच शब्द. त्याने बायकोकडे पाहिलं. तिने नजर वळवली नाही.

"हो," उशी म्हणाला. "सरकला."

धाकट्याने डोळे मिटले. मग सावकाश श्वास सोडला. "वाटलंच होतं मला," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता आणि थोडी सुटका. "बरं झालं सांगितलंस. त्या चॅम्पियनला निरोप दे. म्हणावं, तुझं काही चुकलं नाही, जिवाला लावून घेऊ नकोस."

"देतो."

"आणि दादा, तू पहिल्यांदाच मास्तर झाला होतास. सगळं तू एवढं नीट लावलं होतंस, आणि मी तोंडघशी पाडलं तुला. इतके दिवस म्हणायचं होतं, पण आधी खात्री करून घ्यायची होती. मला माफ कर."

उशीला सुटल्यासारखं वाटलं, क्षणभरच, आणि त्याचीच त्याला लाज वाटली. "माफ काय करायचं त्यात," तो म्हणाला. त्याचा आवाज अगदी नेहमीसारखा निघाला. बायकोने शर्ट खुंटीला अडकवला आणि ती खाटेच्या पायथ्याशी आली. त्याला वळवायची वेळ झाली होती. उशीने भावाच्या खांद्याखाली हात घातले, तिने पाय धरले, आणि दोघांनी मिळून त्याला भिंतीकडच्या कुशीवर केलं.